एचटीएमएलची शैली तपासणारे छोटे साधन पायथनमध्ये कसे तयार करावे

ब्राउझर एचटीएमएलमधल्या बहुतेक चुका पोटात घालतो. एखादा टॅग बंद करायचा राहिला, एकच आयडी दोन ठिकाणी आला किंवा चित्राला पर्यायी मजकूर दिलाच नाही, तरी पान दिसते आणि लिहिणाऱ्याला काही खटकत नाही. त्रास पुढे होतो. तेच पान नंतर दुरुस्त करायला बसलेल्या सहकाऱ्याला होतो, तसाच स्क्रीन रीडरच्या आधारे ते पान ऐकणाऱ्या वाचकालाही होतो. या गोष्टी केवळ माणसाच्या नजरेवर न सोडता एका छोट्या प्रोग्रॅमकडे सोपवता येतात. सी भाषेतील संशयास्पद कोड दाखवून देणारा ‘लिंट’ हा प्रोग्रॅम बेल लॅब्जमधील स्टीफन जॉन्सन यांनी १९७८ साली लिहिला, आणि त्यावरूनच अशा तपासनीस प्रोग्रॅमांना सरसकट ‘लिंटर’ म्हटले जाते. एचटीएमएलसाठी असा एक साधा लिंटर बाहेरचे एकही पॅकेज न घेता, केवळ पायथनसोबत येणाऱ्या मॉड्यूलांच्या बळावर कसा उभारावा, हे येथे क्रमाने मांडले आहे.

डब्ल्यूथ्रीसीचा व्हॅलिडेटर किंवा एचटीएमएलहिंट यांसारखी तयार साधने उपलब्ध आहेत आणि ती जरूर वापरावीत. तरीही स्वतःचे साधन लिहिण्यास सबळ कारण आहे. आपल्या चमूचे संकेत आपल्यालाच ठाऊक असतात, आणि मराठी पानांचे काही प्रश्न असे आहेत की सर्वसाधारण साधने त्यांच्याकडे पाहतच नाहीत. शिवाय सूचना मराठीत देता येतात, ही गोष्ट नव्याने शिकणाऱ्यांच्या दृष्टीने लहान नाही.

आधी नियम ठरवावेत

कोड लिहिण्यापूर्वी कागदावर दोन रकाने आखावेत. पहिल्या रकान्यात एचटीएमएलच्या मानकाचा भंग करणाऱ्या किंवा वाचकाचे प्रत्यक्ष नुकसान करणाऱ्या गोष्टी लिहाव्यात: डॉकटाइप (फाइलच्या माथ्यावरची एचटीएमएल प्रकाराची घोषणा) नसणे, आयडीची पुनरुक्ती, चुकीच्या क्रमाने बंद झालेले टॅग, ‘लँग’ म्हणजे पानाच्या भाषेची नोंद नसणे, चित्राला ‘ऑल्ट’ म्हणजे पर्यायी मजकूर नसणे. दुसऱ्या रकान्यात निव्वळ शैलीच्या गोष्टी येतील: टॅगची नावे लहान लिपीत (लोअरकेस) असावीत, ॲट्रिब्यूटच्या (टॅगमध्ये लिहिलेल्या गुणधर्मांच्या) किमती दुहेरी अवतरणांत असाव्यात, ओळीच्या शेवटी मोकळ्या जागा नसाव्यात, आतल्या ओळी दोन-दोन जागांनी सरकवाव्यात. मोठ्या लिपीतले टॅग, एकेरी अवतरणे, एवढेच नव्हे तर काही ठिकाणी अवतरणांशिवाय लिहिलेल्या किमतीही मानकाला पूर्णपणे मान्य आहेत, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे. त्या टाळायच्या असतील तर तो आपला संकेत असतो. गूगलच्या एचटीएमएल शैली-मार्गदर्शिकेत लहान लिपी, दुहेरी अवतरणे आणि दोन जागांचे अंतर हेच संकेत आहेत. परंतु जे शेवटचे टॅग मानकाने ऐच्छिक ठरवले आहेत ते गाळावेत, असेही तीच मार्गदर्शिका सुचवते, आणि अनेक चमूंना ते रुचत नाही.

पहिल्या रकान्यातील नियमांना ‘चूक’ आणि दुसऱ्यातील नियमांना ‘सूचना’ असा दर्जा द्यावा. हा भेद सुरुवातीपासून पाळला नाही, तर ओळीच्या टोकाची एक मोकळी जागा आणि अंध वाचकाला न कळणारे चित्र यांचे वजन सारखेच दिसू लागते. मग लोक दोन्हींकडे दुर्लक्ष करू लागतात.

पार्सर काय सांगतो आणि काय लपवतो

पार्सर म्हणजे मजकूर वाचून त्यातील टॅग, ॲट्रिब्यूट व मजकूर वेगळे काढणारा प्रोग्रॅम. त्याऐवजी केवळ रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुरातील नमुने शोधण्याची सांकेतिक पद्धत) वापरून टॅग शोधण्याचा मोह टाळावा. ॲट्रिब्यूटच्या किमतीत ‘पेक्षा मोठे’ हे चिन्ह येऊ शकते, टिप्पणीच्या आत अख्खा जुना कोड पडलेला असू शकतो, आणि ‘स्क्रिप्ट’ टॅगमधील मजकूर टॅगसारखा दिसत असला तरी टॅग नसतो. पायथनच्या ‘एचटीएमएल डॉट पार्सर’ या मॉड्यूलमधील ‘एचटीएमएल-पार्सर’ हा क्लास हे सारे सांभाळतो. त्याच्यापासून आपला क्लास तयार करावा आणि चार-पाच मेथड नव्याने लिहाव्यात: टॅग उघडल्यावर बोलावली जाणारी ‘हँडल-स्टार्टटॅग’, बंद झाल्यावरची ‘हँडल-एंडटॅग’, मजकुरासाठी ‘हँडल-डेटा’, टिप्पणीसाठी ‘हँडल-कॉमेंट’ आणि डॉकटाइपसाठी ‘हँडल-डिक्ल’. त्या क्षणी पार्सर कोठे आहे हे ‘गेट-पॉस’ सांगते. ओळींची मोजणी एकपासून होते, पण स्तंभांची शून्यापासून, म्हणून संदेश छापताना स्तंभात एक मिळवावा.

या साधनाची सगळी रचना एका गोष्टीवरून ठरते. पार्सरचे काम अर्थ काढण्याचे आहे, आणि अर्थ काढताना तो शैली पुसून टाकतो. ‘हँडल-स्टार्टटॅग’च्या हाती येणारी टॅगची व ॲट्रिब्यूटची नावे आधीच लहान लिपीत बदललेली असतात, किमतींभोवतीची अवतरणे काढून टाकलेली असतात. जे तपासायचे तेच नाहीसे झालेले असते. म्हणून शैलीच्या नियमांसाठी ‘गेट-स्टार्टटॅग-टेक्स्ट’ ही मेथड वापरावी. नुकताच उघडलेला टॅग फाइलमध्ये जसा लिहिला होता तसा, अक्षर न बदलता, ती परत देते. अर्थाचे नियम पार्सरने दिलेल्या माहितीवर आणि शैलीचे नियम मूळ मजकुरावर चालवावेत, आणि ही विभागणी मोडू नये.

अवतरणांचा नियम असा लिहावा. मूळ टॅगचा मजकूर घेऊन टॅगच्या नावानंतर एकेक अक्षर पुढे जावे आणि आपण अवतरणाबाहेर आहोत, दुहेरी अवतरणात आहोत की एकेरी अवतरणात, हे एका चलात ठेवावे. अवतरणाबाहेर असताना बरोबरचे चिन्ह भेटले की मधल्या मोकळ्या जागा ओलांडून पुढचे अक्षर पाहावे. ते दुहेरी अवतरण असेल तर काहीच म्हणू नये; एकेरी असेल किंवा अवतरणच नसेल, तर सूचना द्यावी. एक सवलत मात्र येथे आवश्यक आहे: किमतीच्या आत जेसन (माहिती लिहिण्याची एक ठरावीक पद्धत) मजकूर असेल, तर त्यातच दुहेरी अवतरणे असतात आणि बाहेर एकेरी अवतरणे घेणे हाच शहाणपणाचा मार्ग असतो. अशा ठिकाणी साधनाने गप्प बसावे.

लहान लिपीच्या नियमालाही अपवाद आहे. पानात थेट लिहिलेल्या एसव्हीजी चित्रात ‘लिनियर-ग्रेडियंट’ हा टॅग आणि ‘व्ह्यूबॉक्स’ हे ॲट्रिब्यूट यांच्या नावांत मधले एक अक्षर मोठ्या लिपीत असते, आणि ते तसेच लिहिणे योग्य असते. त्यामुळे ‘एसव्हीजी’ टॅग उघडा असेपर्यंत हा नियम थांबवावा.

उघडणे आणि बंद करणे

टॅगांची जुळणी तपासण्यासाठी एक स्टॅक, म्हणजे शेवटी ठेवलेली गोष्ट आधी निघते अशी यादी, ठेवावा. टॅग उघडला की त्याचे नाव, ओळ व स्तंभ स्टॅकवर ठेवावेत; बंद करणारा टॅग आला की सर्वांत वरचे नाव त्याच्याशी जुळते का ते पाहावे. जुळल्यास ते काढून टाकावे. जुळत नसेल पण तेच नाव स्टॅकमध्ये खाली कोठे तरी असेल, तर तेथपर्यंतची सगळी नावे काढावीत आणि मधल्या प्रत्येक नावासाठी ‘हा टॅग अमुक ओळीवर उघडला होता, तो बंद झालेला नाही’ असे सांगावे. नाव स्टॅकमध्ये कोठेच नसेल, तर बंद करणारा टॅग अनाथ आहे. फाइल संपल्यावर स्टॅकमध्ये जे उरेल तेही बंद न झालेलेच. संदेशात बंद होण्याची ओळ न देता उघडण्याची ओळ द्यावी, कारण दुरुस्ती बहुधा तेथूनच सुरू करावी लागते.

काही टॅग कधीच बंद होत नाहीत. सध्याच्या मानकानुसार असे तेरा आहेत: एरिया, बेस, बीआर, कॉल, एम्बेड, एचआर, आयएमजी, इनपुट, लिंक, मेटा, सोर्स, ट्रॅक आणि डब्ल्यूबीआर. यांचा एक संच करून ठेवावा व त्यांना स्टॅकवर चढवूच नये. ‘एलआय’, ‘टीडी’, ‘पी’ यांसारख्यांचा शेवटचा टॅग गाळण्याची मुभा मानकाने दिली आहे; तो न दिसल्यास ‘चूक’ न म्हणता ‘सूचना’ म्हणावे.

आता दोन सापळे, ज्यांत असे साधन लिहिणारे हमखास अडकतात. पहिला स्वयंबंद टॅगचा. ‘बीआर’ शेवटी तिरकी रेघ देऊन लिहिला असेल, तर पार्सर ‘हँडल-स्टार्ट-एंडटॅग’ ही निराळी मेथड बोलावतो, आणि ती नव्याने लिहिली नसेल तर आपोआप आधी उघडण्याची व मग बंद करण्याची मेथड बोलावली जाते. परिणामी ‘कधीच बंद न होणारा टॅग बंद केला’ अशी खोटी तक्रार प्रत्येक ‘बीआर’मागे येते. उलट ‘डिव्ह’च्या शेवटी कोणी तिरकी रेघ दिली, तर पायथनचा पार्सर तो बंद झाला असे मानतो, पण ब्राउझर त्या रेघेकडे दुर्लक्ष करून ‘डिव्ह’ उघडाच ठेवतो. म्हणून ही मेथड स्वतः लिहावी: एसव्हीजी किंवा मॅथएमएलच्या (गणिती सूत्रांच्या टॅगांच्या) आत असलेल्या टॅगला काही म्हणू नये, तेरांपैकी असेल तर आपल्या संकेतानुसार फार तर सूचना द्यावी, अन्य टॅग असेल तर चूक नोंदवून तो स्टॅकवर उघडा म्हणून ठेवावा.

दुसरा सापळा परिच्छेदाचा आहे. ‘पी’च्या आत ‘डिव्ह’, ‘यूएल’ किंवा शीर्षकाचा टॅग लिहिला, तर तो सुरू होताच ब्राउझर परिच्छेद आपणहून बंद करतो. पुढे लिहिलेला ‘पी’ बंद करणारा टॅग मग अनाथ होतो आणि ब्राउझर त्याच्या जागी एक रिकामा परिच्छेद तयार करतो. पानात अकारण दिसणारी मोकळी जागा पुष्कळदा येथून येते. आपल्या साध्या स्टॅकला हे कळत नाही, कारण कागदावर जुळणी अगदी बरोबर दिसते. त्यासाठी स्वतंत्र नियम हवा: परिच्छेद उघडा असताना खंडपातळीवरचा टॅग आला की चूक नोंदवावी.

ॲट्रिब्यूट तपासताना

पार्सर ॲट्रिब्यूट नाव आणि किंमत अशा जोड्यांच्या यादीने देतो. त्या यादीचा लगेच डिक्शनरीत बदल करण्याची सवय येथे घातक ठरते. एकच ॲट्रिब्यूट दोनदा लिहिले असेल, तर ब्राउझर पहिली किंमत धरतो आणि पायथनची डिक्शनरी शेवटची. आधी यादीतील पुनरुक्ती तपासावी, मगच डिक्शनरी करावी.

चित्रांच्या ‘ऑल्ट’बाबत तीन अवस्था वेगळ्या ओळखाव्यात. ॲट्रिब्यूटच नसणे ही चूक आहे. ते असून रिकामे असणे ही चूक नव्हे. निव्वळ शोभेच्या चित्राला रिकामा ‘ऑल्ट’ देणे हीच योग्य पद्धत आहे, कारण त्यामुळे स्क्रीन रीडर ते चित्र ओलांडून पुढे जातो. तिसरी अवस्था म्हणजे ‘ऑल्ट’मध्ये फाइलचेच नाव असणे, ज्याचा शेवट ‘जेपीजी’ किंवा ‘पीएनजी’ असा होतो. ही नुसती औपचारिकता पुरी केल्याची खूण असते, आणि साधनाने ती जरूर दाखवावी.

आयडीची पुनरुक्ती एका डिक्शनरीत पहिली ओळ नोंदवून सहज सापडते. शीर्षकांच्या पातळ्या मध्येच सुटल्या आहेत का, हेही मागची पातळी लक्षात ठेवून दोन ओळींत पाहता येते.

मराठी पानांसाठी विशेष नियम

मराठी पानांवर सर्वांत जास्त दिसणारा दोष म्हणजे तयार साच्यातून तशीच राहिलेली इंग्रजी ‘लँग’. मजकूर संपूर्ण मराठी असतो आणि ‘एचटीएमएल’ टॅगवर ‘ईएन’ असते. स्क्रीन रीडर या किमतीवरून आवाज निवडतो. काही देवनागरी फॉन्टांमध्ये ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणाची रूपे स्वतंत्रपणे दिलेली असतात व पानाची भाषा ‘एमआर’ असेल तरच ती उमटतात. म्हणजे एका ॲट्रिब्यूटमुळे ऐकणाऱ्याचे आणि पाहणाऱ्याचे दोघांचेही नुकसान होते. नियम असा करावा: ‘हँडल-डेटा’मध्ये, ‘स्क्रिप्ट’ व ‘स्टाइल’ वगळून, देवनागरी विभागातील अक्षरे आणि रोमन अक्षरे वेगवेगळी मोजावीत, देवनागरी निम्म्याहून जास्त असून ‘लँग’ इंग्रजी असेल तर चूक नोंदवावी. मात्र देवनागरी दिसली म्हणून ‘एमआर’च हवे असा आग्रह साधनाने धरू नये. तीच लिपी हिंदी, कोंकणी, नेपाळी आणि संस्कृतचीही आहे. भाषा कोणती हे लिहिणाऱ्याने सांगायचे असते.

दुसरा नियम अक्षरसंचाच्या घोषणेचा. ‘मेटा’ टॅगमधील यूटीएफ-८ ची घोषणा फाइलच्या पहिल्या १०२४ बाइट्समध्ये पूर्ण झाली पाहिजे, अशी मानकाची अट आहे. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट्स घेते, त्यामुळे फाइलच्या माथ्यावर सुमारे ३४० चिन्हांची मराठी टिप्पणी लिहिली की ही मर्यादा संपते. हा नियम तपासण्यासाठी फाइल आधी बाइट्सच्या रूपात उघडावी आणि घोषणा कोठे संपते ते पाहावे. पार्सरसाठी फाइल पुन्हा उघडताना यूटीएफ-८ असे स्पष्ट सांगावे, नाहीतर विंडोजवर पायथन दुसराच अक्षरसंच गृहीत धरू शकतो.

याच कारणाने ओळीच्या लांबीचा नियमही जपून लावावा. ‘मराठी’ हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा दिसतो, पायथन त्याची लांबी ५ सांगतो आणि फाइलमध्ये तो १५ बाइट्स घेतो. बाइट्स मोजून ८० किंवा १०० ची मर्यादा लावली तर मराठी मजकुराच्या जवळजवळ प्रत्येक ओळीवर तक्रार येईल. माझ्या मते ही मर्यादा वाहत्या मजकुराला लावूच नये. ती फक्त टॅग असलेल्या ओळींपुरती ठेवावी.

शीर्षकांना मराठी आयडी देणाऱ्यांसाठी आणखी एक सूक्ष्म नियम आहे. ‘किनाऱ्यावरील’ या शब्दातील ‘ऱ’ युनिकोडमध्ये एका स्वतंत्र चिन्हाने लिहिता येतो, तसाच ‘र’ आणि नुक्ता अशा दोन चिन्हांनीही लिहिता येतो. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, पण ब्राउझर चिन्हे जशीच्या तशी ताडून पाहतो, म्हणून अनुक्रमणिकेतील दुवा एका पद्धतीचा आणि आयडी दुसऱ्या पद्धतीचा असेल तर दुवा दाबूनही पान हलत नाही. पानातील सर्व अंतर्गत दुवे व आयडी गोळा करावेत, दुव्यांतील टक्केचिन्हांचे संकेत उलगडावेत आणि ‘युनिकोडडेटा’ मॉड्यूलने दोन्ही बाजू एनएफसी या युनिकोडच्या एकसमान रूपात आणाव्यात. मूळ रूपात न जुळणारी पण या रूपात जुळणारी जोडी सापडली, की दोष नेमका कळला.

ओळींची फेरी

टॅब, ओळीच्या शेवटच्या मोकळ्या जागा आणि ओळ किती आत सरकवली आहे हे तपासायला पार्सर लागत नाही. फाइल ओळीओळीने वाचावी. पण ही फेरी पार्सरनंतरच घ्यावी. ‘प्री’ आणि ‘टेक्स्टएरिया’ यांच्या आतल्या मोकळ्या जागा अर्थपूर्ण असतात, तर ‘स्क्रिप्ट’ व ‘स्टाइल’ यांची शैली निराळी असते. म्हणून पार्सरने या टॅगांच्या सुरुवातीच्या व शेवटच्या ओळी नोंदवून ठेवाव्यात आणि ओळींच्या फेरीने त्या वगळाव्यात.

संदेश कसा असावा

प्रत्येक दोष फाइल, ओळ, स्तंभ, दर्जा, नियमाचे छोटे नाव आणि एक वाक्य अशा रूपात गोळा करावा. पार्सर चालू असताना काहीच छापू नये. शेवटी ओळ-स्तंभानुसार लावून एका ओळीत एक दोष छापावा. फाइल, ओळ आणि स्तंभ यांच्यामध्ये अपूर्णविरामाचे चिन्ह ठेवले, तर व्हीएस कोडच्या टर्मिनलमध्ये त्यावर टिचकी मारून थेट त्या जागी जाता येते. वाक्यात दोष आणि उपाय दोन्ही असावेत. ‘ऑल्ट नाही’ एवढ्याने नवशिक्याला बोध होत नाही, ‘चित्राला ऑल्ट नाही, चित्र केवळ शोभेचे असल्यास रिकामा ऑल्ट द्यावा’ यातून तो शिकतो.

अपवादांची सोयही हवी. विशिष्ट टिप्पणी लिहिली की पुढच्या ओळीपुरता एखादा नियम थांबावा, पण त्या टिप्पणीत नियमाचे नाव आणि कारण दोन्ही असल्याशिवाय ती मानू नये.

तपासणी आणि वापर

प्रत्येक नियमासाठी दोन छोटे नमुने ठेवावेत, एक नियम मोडणारा व एक पाळणारा, आणि ते पायथनच्या ‘युनिटटेस्ट’ मॉड्यूलने चालवावेत. पाळणारा नमुना अधिक महत्त्वाचा आहे, कारण खोट्या तक्रारी तोच पकडतो. साचे वापरून पाने तयार होत असतील, तर साच्यांवर हे साधन चालवू नये. जँगो किंवा पीएचपीच्या अर्धवट टॅगांनी पार्सर गोंधळतो. साच्यांतून तयार झालेली पूर्ण पाने त्याला द्यावीत.

चुका नसतील तर प्रोग्रॅमने ० हा निर्गम-संकेत (संपताना परत दिला जाणारा आकडा) द्यावा, असतील तर १; नुसत्या सूचनांसाठी ० च ठेवावा. मग कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटच्या ‘प्री-कमिट’ हुकमध्ये, म्हणजे प्रत्येक कमिटच्या (बदल नोंदवण्याच्या) आधी चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, तो बसवता येतो, कारण शून्येतर संकेत मिळाला की गिट कमिट थांबवतो.

जुन्या संकेतस्थळावर पहिल्यांदा साधन चालवले की शेकडो दोष बाहेर येतील, आणि ते सगळे निस्तरेपर्यंत कमिट थांबवणे व्यवहार्य नसते. अशा वेळी प्रत्येक फाइलमध्ये प्रत्येक नियमाचे किती दोष आहेत, ही संख्या एका जेसन फाइलमध्ये जतन करावी. ओळींचे क्रमांक जतन करू नयेत, कारण वर एक ओळ वाढली तरी ते सगळे सरकतात. पुढील तपासणीत संख्या वाढली तरच अपयश द्यावे. घटली असेल तर जेसन फाइलमधला आकडा साधनाने स्वतःच खाली आणावा आणि ती फाइल त्याच कमिटमध्ये समाविष्ट करावी.